वंशावळीत बाई सापडत नाही, की शोधली जात नाही?

आपल्या घराण्याचा इतिहास शोधणं हा इंग्लंडमध्ये अतिशय लोकप्रिय छंद आहे. निवृत्त शिक्षक, गृहिणी, बँकेतले कर्मचारी असे कितीतरी जण पणजोबा-खापरपणजोबांचा माग काढत दप्तरखान्यांत बसलेले असतात. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी पाहून झाल्या, शिरगणतीची पानं चाळून झाली, की सगळे वळतात प्रोबेटच्या कागदांकडे. माणूस मेल्यावर त्याचं मृत्युपत्र न्यायालयापुढे मांडायचं, ते खरं असल्याचं शाबीत करून घ्यायचं आणि मग मालमत्तेची वाटणी करायची, या कारवाईला प्रोबेट म्हणतात. मुंबईच्या वाचकांना हा शब्द हायकोर्टामुळे ऐकून ठाऊक असेल. इंग्लंडमध्ये असे कागद चौदाव्या शतकापासून साठलेले आहेत. घर, शेत, गुरं, भांडी, कर्ज, मुलं, पुतणे, नोकर, सगळं त्यांत सापडतं.

हे कागद कसे शोधावेत हे सांगणाऱ्या मार्गदर्शनात बायकांबद्दल मात्र बहुधा एकच सूचना असते. १८८२ च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रिया सहसा मृत्युपत्र करत नसत, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचं मृत्युपत्र शोधावं, अशा अर्थाची. सूचना निरुपद्रवी वाटते आणि शोधणाऱ्याचा वेळही वाचवते. पण ‘करत नसत’ म्हणजे काय? बायका आळशी होत्या? विसरत होत्या? त्यांना करू दिलं जात नव्हतं, हे स्वच्छ शब्दांत का सांगायचं नाही? आणि कायद्याने त्यांचं तोंड बंद केलं होतं म्हणून आज आपणही त्यांना शोधायचं नाही, हा कुठला न्याय?

मैत्रिणींनो, इंग्लंडच्या मृत्युपत्रांशी आपला काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर हा कायदा आणि त्याची न्यायालयं जहाजात बसून मुंबईला आली, आणि त्या कागदांत इथल्या बायकाही अडकल्या आहेत. त्याबद्दल पुढे येईलच. दुसरं असं, की आपल्याकडे कुळवृत्तांत काढणारे नेमकं हेच करत आलेत. मुलाची शाखा पानंच्या पानं वाढत जाते, मुलगी लग्न होऊन गेली की तिची शाखा तिथेच खुडली जाते. कागदपत्रांच्या जोरावर इतिहास लिहिणाऱ्या देशात बाई कशी पुसली गेली ते समजलं, तर आपल्या घरातली पुसापुशीही ओळखू येईल.

अज्ञान मुलं, वेडे आणि विवाहित बायका

इंग्लंडच्या पार्लमेंटने १५४० मध्ये जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा देणारा कायदा केला. दोन-तीन वर्षांत त्याचा खुलासा करणारा दुसरा कायदा आला. जमिनीबाबत कोणाचं मृत्युपत्र ग्राह्य धरायचं नाही, याची यादी त्यात आहे: एकवीस वर्षांखालची मुलं, मतिमंद, वेडसर, आणि विवाहित स्त्रिया. ही यादी पुन्हा एकदा वाचा. एकवीस वर्षांचा झाला की मुलगा यादीतून बाहेर पडतो. वेडसर माणूसही बरा होऊ शकतो. बाई मात्र बाहेर पडते ती नवरा मेल्यावरच.

याच्यामागे ‘कव्हर्चर’ची कल्पना होती. कव्हर्चर म्हणजे झाकलं जाणं. लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वाखाली झाकलं जातं. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ मध्ये हा नियम नीट मांडून ठेवला आणि पुढे शंभर वर्षं वकिलांनी तो घोकला. बाईचे पैसे, दागिने, भांडीकुंडी लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या मालकीची झाली. तिच्या जमिनीचा कारभार त्याच्याकडे गेला. ज्या वस्तू आधी तिच्या होत्या त्या मरताना कोणाला द्यायच्या, हे लिहायला तिला त्याची संमती लागायची. पैसेवाले बाप वकील लावून, विश्वस्त नेमून मुलीसाठी वेगळी मालमत्ता राखत. गरिबाची लेक काय राखणार?

१८३७ मध्ये मृत्युपत्रांचा नवा, सुटसुटीत कायदा आला. विवाहित बायकांची स्थिती त्यात जिथल्या तिथे ठेवली. १८५४ मध्ये बार्बरा ली स्मिथ या तरुणीने बायकांसंबंधीच्या कायद्यांचा सोप्या भाषेतला गोषवारा छापला. सामान्य बाईला वाचून कळेल असा. १८५६ मध्ये २६ हजार सह्यांचं निवेदन पार्लमेंटपुढे गेलं. १८७० मध्ये बायकांना स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला, आणि १८८२ च्या कायद्याने, जो १ जानेवारी १८८३ पासून अमलात आला, विवाहित बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा आणि मृत्युपत्राने देण्याचा हक्क मिळाला. ज्या १८८२ ला मार्गदर्शनात नुसती शोधाची खूण म्हणून जागा मिळते, ते साल बायकांनी लढून मिळवलेलं आहे. ते सालही चळवळीची आठवण पुसून वापरायचं म्हणजे कमाल झाली.

‘माझी बायको’

मग नवऱ्याचं मृत्युपत्र शोधायचं. शोधू या. सगळ्यात प्रसिद्ध आहे शेक्सपियरचं, १६१६ सालचं. त्याने बायकोला दोन नंबरचा पलंग दिला, यावर विद्वानांनी पोतंभर लिहून ठेवलंय. त्यामागे प्रेम होतं की राग, पहिला पलंग पाहुण्यांचा होता की काय. पण त्या मृत्युपत्रात बायकोचं नावच नाही, तिचा उल्लेख नुसता ‘माझी बायको’ असा आहे, आणि तोही ओळींच्या मध्ये मागाहून घातलेला. तिचं नाव ॲन हॅथवे होतं हे आपल्याला दुसऱ्या कागदांवरून कळतं. जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या मृत्युपत्राची ही कथा, तर साध्या शेतकऱ्याच्या मृत्युपत्राची काय असणार?

ज्या मृत्युपत्रांत बायकोला घर किंवा शेताचं उत्पन्न दिलंय तिथेही एक अट वारंवार भेटते: ती विधवा राहील तोपर्यंत. पुन्हा लग्न केलं तर सगळं मुलाकडे. मेलेला नवरा कबरीतून बायकोच्या बिछान्यावर पहारा ठेवतो, आणि घराण्याचा इतिहास लिहिणारा ‘पत्नीची सोय केली होती’ असं लिहून पुढे जातो! न्यायालयाच्या नोंदींत विधवेसाठी एक खास शब्द आहे, ‘रेलिक्ट’. त्याचा अर्थ मागे उरलेली. एकोणिसाव्या शतकातल्या छापील सूच्यांतही तो शब्द जागोजाग दिसतो.

पूर्वीचा काळ असाच होता, असं यावर उत्तर येतं. हे उत्तर खोटं आहे. काळ सरळ रेषेत सुधारत आला नाही. यॉर्कच्या धर्मप्रांतात, वेल्समध्ये आणि लंडन शहरात जुन्या रिवाजाने विधवेचा आणि मुलांचा जंगम मालमत्तेत ठरलेला हिस्सा होता. नवऱ्याला तो मृत्युपत्र करून बुडवता येत नव्हता. १६९२ मध्ये यॉर्कमध्ये, १६९६ मध्ये वेल्समध्ये आणि पुढे अठराव्या शतकात लंडनमध्ये कायदे करून तो काढून घेतला. कशाच्या नावाखाली, तर आपली मालमत्ता हवी तशी देण्याच्या स्वातंत्र्याच्या. स्वातंत्र्य पुरुषाचं, आणि किंमत बाईने मोजायची. नवरा मृत्युपत्र न करता मेला तर मुलं असताना विधवेला जंगम मालमत्तेचा एक तृतीयांश मिळे. बायको मेली तर नवऱ्याला तिचं सगळं मिळे. हा फरक १९२५ च्या कायद्यापर्यंत टिकला.

सूची कोणाच्या नावाने?

आता शोधण्याच्या पद्धतीकडे येऊ. कारण आजचं खरं भांडण तिथे आहे. कायदा बदलला तरी सूची बदलली नाही.

प्रोबेटच्या कागदांची सूची मृत्युपत्र करणाऱ्याच्या नावाने असते. आत ज्यांची नावं आहेत, म्हणजे मुली, बहिणी, पुतण्या, दाया, मोलकरणी, त्यांच्या नावाने सहसा शोधता येत नाही. एका मृत्युपत्रात दहा बायका असल्या तरी सूचीत एकच पुरुष दिसतो. आता सगळं संगणकावर आलं, घरबसल्या शोधता येतं, म्हणून आनंद मानला जातो. पण संगणकाला तीच जुनी सूची भरवली, तर तो तेच जुनं उत्तर अधिक वेगाने देतो. मग ‘बायकांविषयी माहिती उपलब्ध नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. कागदावर आहे, पण सूचीत नाही, याला उपलब्ध नाही म्हणायचं का?

छापील सूच्यांत बाईची ओळख कशी दिलेली असते तेही पाहा. पुरुषापुढे शेतकरी, सुतार, व्यापारी असा धंदा. बाईपुढे बहुतेक वेळा विधवा, अविवाहिता किंवा अमक्याची पत्नी. तिने तीस वर्षं दुकान चालवलेलं असो नाहीतर शाळा, तिचा धंदा म्हणजे तिचं लग्न.

बाईच्या बाजूने कसं शोधायचं

असं असूनही बाई या कागदांत आहे. फक्त शोधाची दिशा बदलावी लागते. परदेशात राहणाऱ्या, तिकडे लग्न केलेल्या आपल्या मैत्रिणींना मुलांच्या दुसऱ्या बाजूच्या आज्या-पणज्या शोधायच्या असतील तर त्यांनाही याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट तारखेची. १२ जानेवारी १८५८ पासून प्रोबेटचं काम सरकारी न्यायालयाकडे आलं. तेव्हापासून इंग्लंड आणि वेल्ससाठी दर वर्षाची एक सूची आहे आणि ती आडनावाने बघता येते. त्याआधी हे काम चर्चच्या दोनशेहून जास्त न्यायालयांत विखुरलेलं होतं. त्यांत सगळ्यांत वरचं कँटरबरीचं. त्याची १३८४ ते १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यॉर्कची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहेत, आणि बाकीची बहुतेक जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत.

दुसरी गोष्ट, नवऱ्याच्या मृत्युपत्रावर थांबायचं नाही. विधवा त्याच्यानंतर वीस-तीस वर्षं जगलेली असू शकते, आणि विधवेला मृत्युपत्र करता येत होतं. ते शोधायचं. घराण्यातली लग्न न केलेली आत्या-मावशी शोधायची. वंशावळीत तिच्यापुढे काही नसतं म्हणून तिला कोणी विचारत नाही, पण तिचंच मृत्युपत्र पुष्कळदा सर्वांत भरलेलं असतं. कोणत्या भाचीला कोणता झगा, कोणत्या मैत्रिणीला कोणती अंगठी, मोलकरणीला किती पैसे. जेन ऑस्टिनने १८१७ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं आणि जवळजवळ सगळं बहिणीला, कॅसँड्राला दिलं. साक्षीदार नव्हते, म्हणून अक्षर तिचंच असल्याबद्दल लोकांना शपथेवर सांगावं लागलं. लग्न झालेलं असतं तर हा कागद तिला नवऱ्याच्या परवानगीवाचून करता आला नसता.

तिसरी गोष्ट, बापाचं आणि भावांचं मृत्युपत्र वाचायचं. लग्न झालेल्या मुलीचा उल्लेख तिथे नवऱ्याच्या नावासकट येतो. लग्नानंतर आडनाव बदलून हरवलेली बाई पुष्कळदा माहेरच्या कागदात सापडते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मृत्युपत्राबरोबरचे बाकीचे कागद बघायचे. मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी केली? फार मोठ्या संख्येने नवऱ्यांनी ते काम बायकोवर सोपवलेलं दिसतं. म्हणजे ज्या बाईला काल कायद्याने स्वतःचं भांडं विकता येत नव्हतं, तिने आज न्यायालयात जाऊन शपथ घ्यायची, शेजाऱ्यांना बोलावून मालाची यादी करायची, देणेकऱ्यांना तोंड द्यायचं, येणं वसूल करायचं आणि पै-पैचा हिशेब सादर करायचा. एमी लुईझ एरिकसन या इतिहाससंशोधिकेने नेमके हेच कागद, मृत्युपत्रं, याद्या आणि हिशेब, शेकड्यांनी तपासले. १९९३ च्या आपल्या पुस्तकात तिने दाखवून दिलं, की साध्या घरांतल्या बायकांचा मालमत्तेशी संबंध कायद्याच्या पुस्तकांवरून वाटतो त्याहून कितीतरी जास्त होता. कागद तेच होते. आधी कोणी त्यांना बायकांविषयी विचारलं नव्हतं.

रक्ताने परके

१७९६ पासून वारशावरच्या कराची सरकारी नोंदवही सुरू झाली. त्यात कोणाला काय मिळालं आणि त्याचं मृत माणसाशी नातं काय हे लिहिलेलं असतं. जिथे मूळ मृत्युपत्रंच नष्ट झाली तिथे या वह्यांचा मोठा आधार आहे. एक्झेटर शहरात १९४२ च्या बाँबहल्ल्यात अख्ख्या डेव्हन परगण्याची जुनी मृत्युपत्रं जळली, तिथे संशोधक याच वह्या उघडतात.

या वह्यांत एक वर्ग आहे, ‘रक्ताने परका’. त्याला सर्वांत जास्त कर. लग्नाशिवाय झालेलं मूल या वर्गात पडत असे. बापाच्या रक्ताचं मूल, बापाने स्वतः मृत्युपत्रात नाव घालून पैसे दिलेले, आणि सरकारी वहीत रक्ताने परकं! त्याच्या आईचं तर विचारूच नका. लग्न नाही, म्हणजे ती कोणीच नव्हे. वर्षानुवर्षं एका घरात राहिलेली, त्याचं दुखणं काढलेली बाई कागदावर परकी किंवा फार तर घर सांभाळणारी होते.

आणि इथे आपल्या बायका येतात. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर कोर्टं स्थापन झाली आणि इंग्रजांच्या मृत्युपत्रांचं प्रोबेट इथेच होऊ लागलं. त्यांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीचे नोकर, शिपाई, व्यापारी यांनी इथल्या बायकांबरोबर संसार थाटले होते. विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ च्या पुस्तकात दिलेल्या आकड्यांनुसार बंगालमधल्या १७८० ते १७८५ च्या मृत्युपत्रांत तीनपैकी एकात हिंदी बाईला किंवा तिच्या मुलांना काहीतरी दिलेलं आहे. १८०५ ते १८१० मध्ये चारांतल्या एकात, १८३० पर्यंत सहांतल्या एकात, आणि शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ कुठेच नाही. बायका होत्या की नव्हत्या यापेक्षा पुरुषांनी त्यांना कागदावर आणायचं किती कमी केलं, ते या आकड्यांत दिसतं. दुर्बा घोष या संशोधिकेने २००६ च्या पुस्तकात आणखी एक गोष्ट पुढे आणली. या बायका कागदावर आल्या तरी अनेकदा त्यांना नाव नसतं, किंवा धन्याने ठेवलेलं नाव असतं. मुलांना बापाचं आडनाव, आई एक ‘नेटिव्ह बाई’. शेक्सपियरच्या बायकोला निदान दुसऱ्या कागदांत नाव आहे. हिचं नाव कुठे शोधायचं?

प्रसिद्ध माणसांचे कागद

२०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश सरकारच्या न्याय खात्याने एक प्रस्ताव लोकांच्या मतांसाठी पुढे ठेवला. १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांची संगणकीय प्रत काढायची आणि पंचवीस वर्षं झालेले मूळ कागद नष्ट करायचे. साठवणुकीचा खर्च वाचेल, वर्षाला सुमारे ४५ लाख पौंड. मात्र प्रसिद्ध, ऐतिहासिक महत्त्वाच्या व्यक्तींचे मूळ कागद ठेवायचे. इतिहासकार आणि घराण्यांचा शोध घेणारे लोक यावर तुटून पडले. असे प्रस्ताव कुठल्याही देशात येऊ शकतात, म्हणून त्यामागचा निकष आपण नीट पाहिला पाहिजे.

प्रसिद्ध कोण, हे कोण ठरवणार? मेरी सीकोल ही जमैकाची, मिश्र वंशाची बाई. क्रिमियाच्या युद्धात स्वतःच्या हिमतीवर जाऊन तिने सैनिकांची शुश्रूषा केली. १८८१ मध्ये ती मृत्युपत्र मागे ठेवून लंडनमध्ये वारली. पुढे सुमारे शंभर वर्षं तिला लोक विसरले. २००४ मध्ये लोकांनी तिला सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय ब्रिटिश व्यक्ती म्हणून निवडलं, २०१६ मध्ये लंडनमध्ये तिचा पुतळा उभा राहिला. तिच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९०६ मध्ये, कोणी कारकून यादी घेऊन बसला असता तर तिचा कागद त्याने कुठल्या ढिगात टाकला असता? प्रसिद्धीचा निकष लावला की बायका, गरीब, काळ्या कातडीचे लोक आपोआप रद्दीत जातात. त्यासाठी कोणी दुष्ट असण्याची गरज नसते.

प्रत आहे ना, मग मूळ कागद कशाला, असंही विचारतात. जुन्या न्यायालयांच्या वह्यांत कारकुनांनी उतरवून घेतलेल्या नकला आहेत. मजकूर सगळा आहे, पण मूळ सही नाही. लिहिता न येणाऱ्या बाईने केलेली फुली मूळ कागदावर असते. आपल्याकडे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असते तशी. तिच्या हाताची कागदावर उरलेली तेवढी एकच खूण. ती कारकुनाच्या अक्षरात सापडत नाही. आणि आज प्रत काढताना काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे पुन्हा कोणीतरी कारकूनच ठरवणार आहे.

म्हणून आपलं म्हणणं स्पष्ट आहे. एक, सामान्य माणसांचे मूळ कागद प्रसिद्ध माणसांइतक्याच काळजीने जपले पाहिजेत. दोन, सूची फक्त मृत्युपत्र करणाऱ्याची असता कामा नये. आतल्या प्रत्येक बाईचं नाव, नातं आणि काम सूचीत आलं पाहिजे. जिथे नाव लिहिलेलं नाही तिथे ‘नाव दिलेलं नाही’ अशी नोंद झाली पाहिजे, म्हणजे ती गाळणूक डोळ्यांना दिसेल. तीन, घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ‘बायका मृत्युपत्र करत नसत’ हे वाक्य बंद करावं आणि कोणत्या कायद्याने त्यांना मनाई होती ते लिहावं.

हे सगळं तिकडच्या सरकारला सांगून आपण मोकळ्या होणार नाही. आपल्या गावच्या दप्तरातही असे कागद आहेत. हक्कसोडपत्र घ्या. कित्येक बहिणींचं नाव घराण्याच्या मालमत्तेच्या कागदावर आयुष्यात एकदाच येतं, ते काढून टाकण्यासाठी. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एवढं करावं. आपापल्या गावातल्या, वस्तीतल्या घरांमधून मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं मागून वाचावीत. त्यांतल्या बायकांची नावं, माहेरचं-सासरचं, सही आहे की अंगठा, काय मिळालं आणि काय सोडलं, हे एका वहीत उतरवावं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून कागदावर नसलेली नावंही त्यात घालावीत. त्या हयात आहेत तोवरच ही नावं मिळतील.